शेवटच्या बांधीला आधी

मंदाताईच्या तेरवीला एकोडीला तिच्या माहेरच्या घरासमोर मांडव घातला होता. जेवणाची दुसरी पंगत उठत असताना लाखनीचे किराणा दुकानदार मोतीरामजी मोटरसायकलवरून आले. एका बाजूला तेलाचा डबा आणि दुसऱ्या बाजूला तोंड बांधलेली दोन पोती लटकत होती. ते सगळं त्यांनी मांडवाच्या खांबाशी उतरवलं आणि मंदाताईच्या थोरल्या भावाला, हेमराजदादांना, म्हणाले, "हे मॅडमचं आहे जी."

दादांनी खिशात हात घातला. "किती बाकी होती तिची? सांगा, देऊन टाकतो."

"बाकी नाही जी, जमा. उधारीवाले माह्याकडं रग्गड आहेत. आगाऊ भरून ठेवणारी हे एकच बाई पाहिली मी. जूनपर्यंतचं तेल, डाळ, साखर भरून गेली. मी कुठं ठेवू आता?"

दादा पोत्यांकडे पाहत राहिले. संध्याकाळपर्यंत कळलं की बसस्टँडवरच्या चहावाल्याकडेही तिचं जमा होतं आणि चक्कीवाल्याकडेही. मेलेल्या माणसाच्या दारात घेणेकरी उभे राहिलेले मी पाहिले आहेत. देणेकरी रांगेनं येताना पहिल्यांदाच पाहिले.

मंदा कापगते आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. मी तिथंच ग्रंथपाल आहे. तिचा वर्ग आणि माझं ग्रंथालय यांच्यामध्ये एकच भिंत. तिचं कसं भागतं, हे कोडं आमच्या स्टाफरूमला पहिल्यापासून होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही होतं. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला होता. त्याच्याबद्दल ती एवढंच म्हणे, "बरा होता माणूस." मूलबाळ नव्हतं. लाखनीत एका सायकलच्या दुकानामागे तिची भाड्याची खोली होती, आणि कमाई होती ती तासाची.

तासिका तत्त्व म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. वर्गावर जितके तास घेतले, तितक्यांचेच पैसे. सुटी आली की तास गेला. परीक्षा आली की तास गेले. गावातलं कुणी मोठं माणूस वारलं आणि कॉलेज सुटलं, तर कायम नोकरीतले घरी जाऊन झोपतात आणि तासिकेवाले मनातल्या मनात त्या माणसाला दोन शब्द सुनावतात. उन्हाळाभर काहीच नाही. जे काही होतं तेही महिन्याच्या महिन्याला मिळत नाही. कागद वर जातात, फिरून खाली येतात आणि कधी सहा-आठ महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावर रक्कम एकदम हातात पडते. दर उन्हाळा सरला की पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक. विद्यार्थी कमी झाले तर तास मंजूर होत नाहीत, आणि तास नाहीत तर ते घेणारा माणूसही नाही.

बहुतेक जण यात दोन-तीन वर्षं काढतात आणि जातात. मंदाताईनं विसेक वर्षं काढली. तिला शिकवायचं होतं, आणि शिकवण्यातून जे येईल तेवढ्यात राहायचं होतं. बाकी कुठलीही गोष्ट या एका गोष्टीच्या आड आली की ती ती गोष्ट सोडून देई. त्यागबिगाचा आव न आणता, वाटेतला दगड बाजूला ठेवावा तशी.

कोड्याचं उत्तर तिनंच मला एकदा दिलं, शिंगाडे सोलता सोलता. हिवाळ्यात तिच्या पिशवीत उकडलेले शिंगाडे असत. कुणी चहा पाजला तर ती संकोच न करता पिई, पण चहाची परतफेड चहानं कधी करत नसे. शिंगाडे देई, बोरं देई, नाहीतर लाखोरीच्या डाळीचे वडे. ग्रंथालयात खायला बंदी आहे हे मी तिला प्रत्येक वेळी सांगत असे, आणि मग एक शिंगाडा उचलत असे.

तिचे वडील गावच्या तलावाचे पाणकरी होते. तलावाच्या पाळीतून पाणी सोडायची जी जागा असते, तिला तिकडे तुडूम म्हणतात. तुडूम कधी उघडायचं, किती उघडायचं आणि कोणत्या बांधीला किती वेळ पाणी द्यायचं, हे पाणकरी ठरवतो. बांधी म्हणजे धानाचा तुकडा, चारी बाजूंनी धुरे, म्हणजे मातीचे बांध, असलेला.

"बाबा सगळ्यात आधी शेवटच्या बांधीले पाणी देत," ती म्हणाली. "पाळीच्या जवळचे लोक बोंबलत. आमी तलावाच्या पायाशी अन् आमालेच मागून काहून? बाबा म्हनत, अरे, तुमाले त पाझरूनही भेटते. त्या शेवटच्या बांधीले कोन आहे?"

"आणि तुझी शेवटची बांधी कोणती?"

"जून."

पैसे हातात पडले की ती आधी पुढच्या जूनचं भरून ठेवी. जूनचे तांदूळ, जूनचं तेल, जूनचं भाडं. मग मे महिन्याचं. मग एप्रिलचं. अशी उलटी चालत ती चालू महिन्यापर्यंत येई, आणि इथवर पोहोचेतो जे उरलं असेल त्यात हा महिना काढी. पैसा घरात ठेवला तर तो वाटेतच जिरतो, असं तिचं म्हणणं होतं. म्हणून तो दुकानदाराकडे, चक्कीवर, घरमालकाकडे आधीच पोहोचलेला असे.

"आणि आजच्यासाठी काही उरलंच नाही तर?" मी विचारलं.

"त शिंगाडे आहेत ना, बाप्पा. खा."

तिला कंजूष म्हणणारे होतेच. एकदा स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी निरोपासाठी वर्गणी गोळा होत होती आणि ती नेहमीप्रमाणे नाही म्हणाली. एक सर हसत म्हणाले, "मॅडम, इतकं कंजूष असू नये माणसानं." मंदाताई रागावली नाही. डबा खात होती तो बाजूला ठेवून तिनं नीट विचार केल्यासारखं केलं. "कंजूष माणूस तुडूम उघडतच नाही जी. मी उघडते. फक्त हात ठेवून उघडते."

तिच्या आहेराची तर चेष्टाच व्हायची. कुणाचंही लग्न असो, ती कागदाच्या पुडीत बिया देई. दोडका, चवळी, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा. पुडीवर वळणदार अक्षरात वधूवरांची नावं. "रोवा. दर हप्त्याले आहेर निघन," असं नवरीच्या कानात सांगे. आमच्या प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नातही तिनं हेच केलं, आणि लोक पदराआड हसले. प्राचार्यांच्या बायकोनं गंमत म्हणून त्या बिया गच्चीवरच्या कुंड्यांत टोचल्या. त्या हिवाळ्यात पोपटाचे वेल गच्चीवरून उतरून शेजाऱ्यांच्या खिडकीत शिरले आणि प्राचार्य रोज सकाळी पिशवीभर शेंगा घेऊन स्टाफरूममध्ये यायला लागले. "न्या हो, कुणीतरी न्या," म्हणत फिरायचे. मंदाताई दोन्ही हातांनी पिशवी धरून म्हणायची, "द्या सर. आहेर परत घेत नसतात, पन शेंगा घेते."

तिच्यासोबत राहणं दर वेळी सोपं नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. तुम्ही पंख्याखाली बसलेले असताना ती उठून पंखा बंद करी. मी एकदा तिच्यासाठी नागपूरहून शाल आणली. तिनं ती हातात घेतली, ऊब पाहिली, घडी होती तशी केली आणि मला परत दिली. "एक आहे माह्याकडं." मला वाईट वाटलं ते तिला दिसलं, पण शाल तिनं घेतली नाही. पुढे कित्येक दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. एके दिवशी ती येऊन माझ्या टेबलावर बसली आणि म्हणाली, "तू मले शाल देशीन, मंग मले वाटन आपल्याकडं दोन पाह्यजेत. ते सवय मले परवडत नाही, रजनी. शाल नाही, सवय." शाल मी अजून वापरते.

तासिकेवर आमच्याकडे रसायनशास्त्राला भेंडारकर नावाचे एक तरुण सर होते. ते प्रत्येक वस्तूची किंमत तासांत काढायचे. समोसा खाल्ला की म्हणायचे, "गेली पंधरा मिनिटं." नवे बूट घेतले की, "दोन दिवस पायात घालून चाललो आहे." आम्ही सगळे हसायचो. मंदाताई मात्र हसायची नाही. एकदा तिनं त्यांना बजावलं, "असं मोजत गेलात त वर्गात पोट्टे दिसनार नाहीत सर, घड्याळच दिसन." पुढच्या वर्षी भेंडारकर विमा विकू लागले. ते मजेत आहेत. अधूनमधून भेटतात तेव्हा मंदाताईचं हे वाक्य स्वतःच सांगतात.

एवढं सगळं करणारी ही बाई वर्षातून एकदा नदी पाहायला जायची. हे कळलं तेव्हा मी चकितच झाले होते. चपलेला तिसऱ्यांदा टाके घालणारी बाई जनरलच्या डब्यात बसून गोदावरी पाहून येते, नर्मदा पाहून येते, महानदी पाहून येते. देवदर्शन नाही, नातेवाईक नाहीत. नुसती नदी. जूनचं भरून झालं की तिच्या यादीत दुसरा क्रमांक नदीचा.

"चप्पल घासली त चालता येते," ती म्हणाली. "नदी न पाहता नदी कशी शिकवू?"

प्रत्येक नदीची चिमूटभर रेती ती रिकाम्या काडेपेटीत घालून आणी. वर्गात त्या काडेपेट्या मुलींच्या हातात देई. डोळे मिटून बोटांनी चोळायला सांगे आणि विचारे, "आता सांगा, हा दगड फार लांबून आला का जवळून?" भिंतीपलीकडून मला तिचा प्रश्न ऐकू येई, मग शांतता, मग एकदम दहा जणींचा गलका. पुस्तकांच्या मागे बसून मीही अंगठा बोटावर चोळून पाहिला आहे.

एका वर्षी पैसे आलेच नाहीत. उन्हाळा सरला, रोवणीचे दिवस आले, कॉलेजात प्रवेश चालू होते आणि तास सुरू व्हायचे होते. रोवणी म्हणजे धानाची लावण. सगळा भंडारा जिल्हा त्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभा असतो. मंदाताईनं ठरवलं की आपणही मजुरीनं रोवणीला जायचं. जून भरलेला होता, पण ऑगस्ट उघडा होता.

पहिल्या दिवशी ती एकोडीजवळच्याच एका शेतावर गेली. शेताचा मालक तिला पाहताच धावत आला. त्याची मुलगी हिच्या हाताखालून पास झालेली. "मॅडम! तुम्ही चिखलात? नाही नाही." त्यानं घरून खुर्ची आणवली, मोहाच्या झाडाखाली ठेवली, चहा आणला, वर छत्रीही धरायला लावली. जेवायच्या वेळी पंगतीत पहिलं ताट हिला. संध्याकाळी हात जोडून निरोप. हे सांगताना मंदाताई इतकी हसली होती की तिला ठसका लागला. "दिवसभर खुर्चीवर बसून माही मजुरी बुडाली, वो! इज्जत इतकी भेटली का हातात काहीच आलं नाही."

म्हणून दुसऱ्या दिवशी ती लांब गेली, गोसीखुर्दच्या बाजूला. धरणाच्या पाण्यानं उठवलेली गावं तिकडे नव्यानं वसली आहेत. तिथं हिला ओळखणारं कुणी नव्हतं. बायांनी भरलेल्या गाडीत ती उभी राहून गेली, पदर खोसून ओळीत उतरली. पुढचं तिनं मला सांगितलं नव्हतं. ते मला तेरवीच्या दिवशी कळलं, प्रणालीकडून.

प्रणाली आमच्याच कॉलेजातून बारावी करून तेव्हा पहिल्या वर्षाला आली होती. अबोल, मागच्या बाकावर बसणारी मुलगी. पावसाळ्यात ती आजारी असते, असं तिनं कॉलेजात सांगून ठेवलं होतं. ओळीत मंदाताईच्या शेजारी ती उभी होती, हातात धानाच्या रोपांची जुडी घेऊन.

"मॅडमनं माह्याकडं पाहिलं," प्रणाली म्हणाली. "मी त्यायच्याकडं. दोघीही काहीच नाही बोललो. मले वाटलं, आता ह्या उद्या कॉलेजात सांगतीन. मंग वाटलं, त्यायलेही तेच वाटत असन."

मंदाताईला लावणीची सवय सुटली होती. तिची ओळ तिरपी जाऊ लागली. मागून मुकादमीण ओरडली, "वो बाई! सरळ रोव ना. नकाशा काढून राहिली का चिखलात?"

प्रणालीला हसू आवरेना. हसता हसता तिचा तोल गेला आणि ती चिखलात बसकण मारून बसली. तिला उठवायला गेलेली मंदाताईही घसरली. मुकादमीण दोघींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, आणि दोघी चिखलात बसून हसत होत्या, एकमेकींचं नावही न घेता. दुपारी मंदाताईनं आपली शिदोरी तिच्यापुढे सरकवली. आठवडाभर त्या एकाच ओळीत रोवत होत्या. त्या आठवड्यात 'मॅडम' हा शब्द निघाला नाही, 'प्रणाली' हाही नाही.

तास सुरू झाल्यावर पहिल्या हजेरीत मंदाताईनं नाव घेतलं, "प्रणाली?"

"हजर, मॅडम."

बस्स. पुढेही कधी विषय निघाला नाही. पण त्या वर्षीपासून मंदाताईनं एक नवीन प्रथा पाडली. रोवणी आटोपली की पावसाळ्यात शिकवून झालेले धडे ती पुन्हा एकदा घ्यायची, कॉलेज सुटल्यावर, बिनपैशाचे. कोण आजारी होतं, कोण कुठं गेलं होतं, हे न विचारता. मुली त्याला 'रोवणीचा तास' म्हणत. पैशाला इतकी जपणारी ही बाई हे तास फुकट का घेते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. स्टाफरूमला तर अजून कळलेलं नाही.

प्रणाली शेवटच्या वर्षाला गेली त्या वर्षी भूगोलाचे विद्यार्थी कमी झाले आणि मंदाताईचे तास मंजूर झाले नाहीत. कमी नाहीत, एकही नाही. कायम नोकरीतले सर होते, त्यांनी विषय चालू ठेवला. प्राचार्यांनी तिला बोलावून खाली मान घालून सांगितलं. ती म्हणाली, "बरं सर." आणि ग्रंथालयात येऊन माझ्या समोरच्या लांब टेबलाशी बसली.

दुसऱ्या दिवशी हेमराजदादा आले. ते बाहेरच्या माणसासारखे दारात थांबले होते, मीच त्यांना आत बोलावलं. साकोलीच्या एका पतसंस्थेत तिच्यासाठी त्यांनी शब्द टाकला होता.

"मंदे, महिन्याच्या महिन्याले पगार आहे. गावातून येनं-जानं करशीन. काहून ऐकून नाही राहिली तू?"

"दादा, बाबाले पानी सोडायचं काय भेटे?"

"ते जुनं झालं."

"मनभर धानही धड भेटत नव्हतं. त्यायले जंगलखात्यात चौकीदारी भेटत होती. गेले का?"

"बाबा अडाणी होते."

"मी पन त्यायचीच पोरगी."

दादा हताश होऊन माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरल्या. तुमीच समजवा हिले. खाईन काय ही वर्षभर?"

मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला. मलाही तेच विचारायचं होतं. मंदाताई म्हणाली, "तुंबलेले पैसे आले तेव्हाच हे वर्ष भरून ठेवलं आहे मी."

"तुले का मालूम होतं?"

"मालूम नव्हतं. तलाव एखाद्या वर्षी कोरडा पडतेच ना, दादा. कोन्या वर्षी, ते मालूम नसते. बाबा म्हनत, जे वर्ष पडन त्याचं आजच धरून ठेव." मग म्हणाली, "एकच वर्ष धरलं आहे पन. दुसरं पडलं त येईन तुह्या पतसंस्थेत."

दादांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला. "एक वर्ष," ते बोट वर करून म्हणाले.

"एक वर्ष."

तर एवढं पणाला लागलेलं होतं, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती ठरल्या वेळी ग्रंथालयात येऊन बसू लागली. वाचक म्हणून तिचं कार्ड होतं, त्यामुळे कुणाला हरकत घेता येत नव्हती. आधी प्रणाली आली, शंका विचारायला. मग दोघी, मग पाच जणी. टेबलावर काडेपेट्या मांडल्या जाऊ लागल्या. माझ्या ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी खिळ्याला टांगलेली आहे. पहिल्याच दिवशी मंदाताईनं त्या पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उठून ती पाटी उलटी करून भिंतीकडे फिरवली आणि शिकवायला लागली. मी रजिस्टरात डोकं घातलं. तास संपला की पाटी पुन्हा सुलटी करून ती घरी जाई. वर्षभर हे असंच चाललं. प्राचार्य एकदा दारापर्यंत आले, उलटी पाटी पाहिली आणि पोपटाच्या शेंगांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून गेले.

त्या वर्षी ती कुठल्या लांबच्या नदीवर गेली नाही. मुलींना घेऊन वैनगंगेवर जाऊन आली, डबे बांधून. सायकलच्या दुकानामागची खोली, एक वेळचा चहा आणि मोतीरामजींकडचं जमा. ती थोडी वाळली होती. मी विचारलं तर म्हणाली, "पानी आटलं का तलावाचा तळ दिसते. गाळ कुठं साचला, ते तेव्हाच समजते." यापलीकडे तिनं त्या वर्षाबद्दल तक्रार केली नाही.

उन्हाळा आला. प्रणालीची परीक्षा झाली. मला वाटलं, आता ही मुलगी दिसायची नाही. पण प्रवेश सुरू झाले आणि एका सकाळी ती गोसीखुर्दच्या बाजूच्या मुलींचा घोळका घेऊन कॉलेजच्या फाटकात उभी राहिली. सगळ्यांच्या हातांवर उन्हाचे चट्टे. प्रवेशाच्या खिडकीवरचे कारकून म्हणाले, "विषय?"

"भूगोल," घोळक्यातून आलं.

"सगळ्यांचा?"

"हो जी. इकडं रोवणीचे तास घेतात म्हने."

दोन दिवसांनी अजून काही आल्या. त्या सगळ्या त्या चिखलातल्या ओळीच्या बहिणी, पुतण्या, शेजारणी. प्रणालीनं त्यांना काय सांगून आणलं, ते मी तिला तेरवीच्या दिवशी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. म्हटलं, तिथल्या मॅडमले रोवता येते. तिरपं, पन येते."

तेरवी आटोपल्यावर हेमराजदादांनी मला आतल्या खोलीत नेलं. एका पत्र्याच्या डब्यात काडेपेट्या होत्या, प्रत्येकीवर नदीचं नाव. "ह्या रेतीचं काय करू, मॅडम? नदीत टाकू म्हटलं, त कोनत्या नदीत टाकू?" मी डबा घेऊन आले. तो आता ग्रंथालयातल्या कपाटात आहे आणि मुली मागतात तेव्हा मी काढून देते. त्यातली एक काडेपेटी रिकामी आहे. तिच्यावर नाव नाही. ती कुठं जाणार होती, हे मला अजून कळलेलं नाही. नकाशा उघडून मी अधूनमधून अंदाज करत बसते.

पौषात तिला ताप आला, भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून ती परत आली नाही. त्या दिवसांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. मला ती दिसते ती त्याच्या आधीच्या पावसाळ्यातली.

प्राचार्य स्वतः ग्रंथालयात आले होते. मंदाताई नेहमीच्या टेबलाशी होती, पाटी उलटी होती, समोर चार-सहा नव्या मुली होत्या. ते म्हणाले, "मॅडम, तास आले तुमचे."

मला वाटलं, ती किती ते विचारेल. तिनं विचारलं, "पहिला कधी?"

"आताच घ्या म्हटलं तर आताच. वर्ग मोकळा आहे."

तिनं काडेपेट्या गोळा करून पिशवीत टाकल्या. मुली उठल्या. बाक सरकले. दारापर्यंत जाऊन ती परत आली, खिळ्याजवळ गेली, पाटी सुलटी केली आणि पदराच्या टोकानं तिच्यावरची धूळ पुसली. "घे बाई, तुही लायब्ररी तुले परत," मला म्हणाली आणि गेली. तिच्या चपलेचा एक टाका सुटलेला होता. ती पाय जरा घासत चालत होती, आणि मुली तिच्या मागून तिच्याच चालीनं, घाई न करता जात होत्या.

मी रिकाम्या टेबलाशी बसून राहिले. पाटी सांगत होती, शांतता राखा. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "डोळे मिटा. आता सांगा, हा दगड लांबून आला का जवळून?"